वाटसरू, वाहन आणि पिस्तूल

लोकांच्या रोजच्या व्यवहारांतील एखादी लहानशी वस्तु हातीं घ्यावी, आणि तिच्याविषयीं शंभर-दोनशें वर्षांत जे कायदे झाले ते एकापुढें एक मांडून पाहावे, म्हणजे त्या समाजाचा असा कांहीं इतिहास डोळ्यांपुढें येतो कीं, जो लढायांच्या आणि निवडणुकींच्या वर्णनांत सहसा सांपडत नाहीं. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांच्या बाबतींत पिस्तूल ही अशी वस्तु होय. त्या देशांत पिस्तुलाविषयींचा वाद दोन्ही बाजूंनीं इतक्या चढ्या आवाजांत चालतो कीं, आपल्याकडील वाचकास तो सर्वच गोंगाट वाटतो. परंतु त्या गोंगाटाखालीं एक अगदीं साधा प्रश्न दोन शतकांहून अधिक काळ वाहत आलेला आहे: घराबाहेर पडून प्रवासास निघालेल्या मनुष्यानें आपल्याबरोबर पिस्तूल घ्यावें कीं नाहीं, आणि घ्यावयाचें तर तें कोठें ठेवावें? घोडा गेला, मोटार आली, पण प्रश्न तोच राहिला. त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आम्ही या लेखांत करणार आहों.

एक गोष्ट प्रथमच सांगून ठेवणें जरूर आहे. आम्ही येथें 'संस्थान' म्हणतों तें राजेरजवाड्यांचें राज्य नव्हे, तर अमेरिकेच्या संघराज्याचें घटक राज्य होय. शस्त्रांविषयीं मध्यवर्ती सरकारचे कांहीं कायदे आहेत. परंतु रस्त्यावर शस्त्र घेऊन कोणीं व कसें हिंडावें हें ठरविण्याचें काम मुख्यतः या पन्नास संस्थानांकडे आहे. १७९१ सालीं राज्यघटनेस जोडलेल्या दुसऱ्या दुरुस्तीनें शस्त्रें ठेवण्याचा व बाळगण्याचा लोकांचा हक्क मान्य केला खरा. पण ती दुरुस्ती संस्थानांच्या कायद्यांसही लागू पडते, हें सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें तें २०१० सालीं. तोंपर्यंतची कथा ही बहुतांशीं संस्थानांच्या कायदेमंडळांची, तेथील न्यायाधीशांची आणि रस्त्यावरच्या शिपायांची कथा आहे.

१८१३ सालीं केंटकी संस्थानानें एक लहानसा कायदा केला. खिशांत मावणारें पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा गुप्ती यांपैकीं कोणतेंही शस्त्र जो लपवून बाळगील, त्यास कमींत कमी शंभर डॉलर दंड करावा, असें त्यांत म्हटलें होतें. त्या काळीं ही रक्कम लहान नव्हती. परंतु त्याच वाक्यांत एक अपवाद घातलेला होता: तो मनुष्य प्रवासास निघालेला असेल तर त्यास हा नियम लागू नाहीं. १८२० सालीं इंडियाना संस्थानानें असाच कायदा केला, आणि त्यांतही वाटसरूस मोकळें सोडलें.

आजच्या वाचकास हा अपवाद चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. ओळखीच्या गांवांत शस्त्र नको आणि परक्या मुलखांत मात्र चालेल, असें कायद्यानें कां म्हणावें? याचें उत्तर त्या काळच्या वाटांत आहे. गांवांत शेजारीपाजारी होते, शेरीफ होता, न्यायाधीश होता. तेथें जो मनुष्य कोटाच्या आंत पिस्तूल लपवितो, त्याच्या मनांत कांहीं काळेंबेरें आहे असें समजण्यास जागा होती. कमरेस उघड लटकणारें शस्त्र समोरच्यास सावध करी. लपविलेलें शस्त्र दगा देई. दक्षिणेकडील संस्थानांत क्षुल्लक अपमानावरून मारामाऱ्या होत, आणि त्यांत खिशांतून एकाएकीं निघणारें हत्यार हें एक अरिष्टच होऊन बसलें होतें. उलट गांवाची वेस ओलांडली कीं, मैलच्या मैल अरण्य. तेथें ना शेजारी, ना शेरीफ. वाटेवर आपला हात पोंचत नाहीं, ही गोष्ट कायद्यानें या अपवादाच्या रूपानें स्वतःच कबूल केली होती. पेंढाऱ्यांच्या धामधुमींत एकट्यानें प्रवास न करणाऱ्या आपल्या पूर्वजांस हा विचार समजावून सांगण्याची जरुरी पडली नसती.

केंटकीचा हा कायदा फार दिवस टिकला नाहीं. गुप्ती बाळगल्याबद्दल दंड झालेल्या एका मनुष्याच्या खटल्यांत १८२२ सालीं तेथील वरिष्ठ न्यायालयानें तो राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविला. पण पुढील हकीकत अधिक बोधप्रद आहे. १८५० ची नवी राज्यघटना करतांना त्याच संस्थानच्या लोकांनीं, लपविलेल्या शस्त्रांस बंदी करण्याचा अधिकार कायदेमंडळास स्पष्ट शब्दांत देऊन टाकला. शस्त्राचा हक्क आणि शस्त्राचा नियम या दोहोंत वैर आहे, ही समजूत त्या पिढीची नव्हती. एका हातानें हक्क लिहावा आणि दुसऱ्या हातानें त्याची मर्यादा लिहावी, हें तिला स्वाभाविक वाटे.

यादवी युद्धानंतर याच विचारास टेक्सस संस्थानांत अधिक कडक रूप आलें. १८७१ च्या एप्रिलमध्यें तेथील कायदेमंडळानें जो कायदा केला, त्यानें अंगावर, खोगिरावर किंवा खोगिराच्या खुर्जींत पिस्तूल नेण्यास बंदी केली. मग तें लपविलेलें असो वा उघडें असो. पहिल्या अपराधास पंचवीस ते शंभर डॉलर दंड आणि पिस्तूल जप्त. स्वतःचें घर, स्वतःची पेढी, अंगावर येऊन ठेपलेलें संकट आणि प्रवास हे त्याचे मुख्य अपवाद. गुरें राखणाऱ्या घोडेस्वारांच्या ज्या प्रदेशाचें चित्र चित्रपटांनीं आपल्या मनावर ठसविलें आहे, त्याच प्रदेशांत हा कायदा झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. आमच्या विषयाच्या दृष्टीनें यांतील 'खुर्जी' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. शस्त्र अंगावर नसून वाहनावर आहे, तेव्हां तें मनुष्याजवळ आहे असें समजावें काय, हा प्रश्न येथें कायद्याच्या भाषेंत स्पष्टपणें उभा राहिला. आजच्या मोटारींत चालकाच्या शेजारच्या आसनापुढें जो लहानसा खण असतो, आणि ज्यास तिकडे अजूनही हातमोज्यांचा खण म्हणतात, त्याची ही खुर्जी आजीच म्हणावी.

परंतु 'वाटसरू' म्हणजे कोण, हें कायद्यानें सांगितलें नाहीं, आणि तेथेंच सर्व घोंटाळा झाला. परगण्याच्या गांवीं बाजारास जाऊन संध्याकाळीं परत येणारा शेतकरी वाटसरू काय? वाटेंत मुक्काम करून दुसऱ्या दिवशीं पुढें जाणारा मनुष्य मुक्कामाच्या गांवांत वाटसरूच राहतो काय? टेक्ससच्या न्यायालयांनीं पिढ्यान् पिढ्या या प्रश्नांचा कीस काढला. प्रवासाचें अंतर, त्यास लागणारा वेळ, आणि प्रवास कशानें केला या गोष्टी पाहाव्या, असें ते म्हणत. पण ठराविक माप त्यांनीं कधींच दिलें नाहीं. परिणामीं आपण वाटसरू होतों कीं नव्हतों, हें मनुष्यास कळे तें पकडला गेल्यानंतर, न्यायाधीशासमोर.

अशा स्थितींत मोटार आली. हेन्री फोर्ड याच्या कारखान्यानें १९०८ ते १९२७ या एकोणीस वर्षांत आपल्या एकाच प्रसिद्ध नमुन्याच्या दीड कोटीहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. जो प्रवास पूर्वीं वर्षांतून एकदां व्हावयाचा, तो आतां दर रविवारीं होऊं लागला. वाटसरूसाठीं ठेवलेला अपवाद हा थोड्यांसाठीं होता. मोटारीनें सारा देशच वाटसरू करून टाकला. त्यांतच १९२० पासून दारूबंदी सुरू झाली, आणि चोरट्या दारूच्या व्यापाऱ्यांस मोटार व पिस्तूल ही जोडी विलक्षण सोयीची पडली. गोळी झाडावी आणि पोलिसांची शिटी वाजण्यापूर्वीं दुसऱ्या संस्थानच्या हद्दींत असावें, हें घोड्यावरच्या लुटारूस कधींच साधलें नव्हतें.

मोटार हें घर कीं रस्ता, असा प्रश्न आतां न्यायालयांपुढें आला. १९२१ च्या डिसेंबरांत मिशिगन संस्थानांत दारूबंदीच्या अधिकाऱ्यांनीं एक गाडी अडवून तिची झडती घेतली. बैठकीच्या गादींत लपविलेल्या अडुसष्ट बाटल्या निघाल्या. झडतीचें फर्मान नव्हतें. १९२५ सालीं सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश टॅफ्ट (हे पूर्वीं देशाचे अध्यक्ष होते) यांनीं निकाल दिला कीं, सबळ संशय असेल तर मोटारीची झडती फर्मानावांचूनही घेतां येते. कारण फर्मान आणीपर्यंत घर जागचें हलत नाहीं, मोटार मात्र निघून जाते. झडतीपुरतें तरी मोटार म्हणजे घर नव्हे, हें असें ठरलें.

पिस्तुलाच्या बाबतींत याच सुमारास संस्थानांच्या कायद्यांत एकसारखेपणा आणण्याची खटपट चालू होती. रिव्हॉल्व्हरच्या नेमबाजांच्या संघानें तयार केलेल्या नमुन्यावरून १९२३ सालीं कॅलिफोर्निया, नॉर्थ डाकोटा आणि न्यू हॅम्पशर यांनीं कायदे केले. पुढें सर्व संस्थानांच्या कायदेतज्ज्ञांच्या परिषदेनें १९२६ व १९३० सालीं एक नमुना-कायदा मंजूर केला. आपलें राहतें घर आणि कायमची पेढी सोडून अन्यत्र, परवान्यावांचून कोणीही कोणत्याही वाहनांत पिस्तूल नेऊं नये, किंवा अंगावर लपवून बाळगूं नये, असें त्यांतील मुख्य कलम होतें. पेन्सिल्व्हेनियानें तें १९३१ सालीं आणि अलाबामानें १९३६ सालीं स्वीकारलें. या कलमानें वाहनाची तुलना घराशीं केली नाहीं, खिशाशीं केली. मोटारींत ठेवलेलें पिस्तूल उघडें असलें तरी तें लपविलेल्या पिस्तुलाच्याच पंक्तीस बसविलें. या नमुन्याच्या जनकांत कार्ल फ्रेडरिक नांवाचे वकील होते. १९२० च्या ऑलिंपिक सामन्यांत पिस्तुलाच्या नेमबाजींत त्यांनीं सुवर्णपदकें मिळविलीं होतीं, आणि पुढें ते राष्ट्रीय रायफल संघाचे अध्यक्ष झाले. सरसकट सर्वांनीं पिस्तुलें घेऊन हिंडावें हें आपणांस पसंत नाहीं, अशी साक्ष त्यांनीं १९३४ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळाच्या समितीपुढें दिली. तोच संघ आज परवान्यांच्या विरुद्ध लढणाऱ्यांचा अग्रणी आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे काळाचा फेर किती मोठा झाला तें कळतें.

येथवर आम्ही कायद्याचे शब्द पाहिले. परंतु कायद्याचा शब्द आणि कायद्याचा हात यांत अंतर असतें, आणि पिस्तुलाच्या कायद्यांत तें अंतर फार मोठें होतें. फ्लॉरिडा संस्थानांत १८९३ चा एक कायदा होता. पुढें दुरुस्त होऊन त्यानें परवान्यावांचून पिस्तूल हातीं बाळगण्यास मनाई केली. १९४१ सालीं त्या संस्थानच्या वरिष्ठ न्यायालयापुढें एक मनुष्य आला. त्याच्या मोटारीच्या हातमोज्यांच्या खणांत पिस्तूल सांपडलें होतें. खणांतील पिस्तूल म्हणजे हातांतील पिस्तूल नव्हे, असें म्हणून न्यायालयानें त्याची सुटका केली. पण त्याच निकालास जोडलेल्या आपल्या मतांत न्यायमूर्ति ब्यूफर्ड यांनीं एक गोष्ट निःसंकोचपणें लिहून ठेवली. लाकडाच्या आणि टर्पेंटाइनच्या तळांवर येणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांचीं शस्त्रें काढून घेण्याकरितां हा मूळचा कायदा झाला; गोऱ्या लोकांस तो लागू करण्याचा हेतु कधींच नव्हता, आणि व्यवहारांत तो त्यांस लागू केलाही गेला नाहीं, असा त्या मताचा आशय आहे. आपल्याकडील १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याची येथें आठवण होते. तेथें हिंदी मनुष्यास परवाना आणि युरोपियनास सूट हा भेद निदान नियमांत छापलेला होता. फ्लॉरिडांत तो कागदावर कोठेंच नव्हता. तो शिपायाच्या नजरेंत होता.

अलाबामा संस्थानांत या भेदाचा अनुभव अशा एका पुरुषास आला कीं, ज्याचें नांव आपल्याकडे घरोघर माहीत आहे. माँटगोमेरी शहरांतील बसगाड्यांवरील बहिष्काराची चळवळ ऐन भरांत असतां, ३० जानेवारी १९५६ रोजीं डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला. मित्रांच्या आग्रहावरून ते शेरीफच्या कचेरींत गेले, आणि मोटारींत पिस्तूल ठेवण्याचा परवाना त्यांनीं मागितला. १९३६ च्या कायद्याप्रमाणें तो मागणें प्राप्तच होतें. ज्याच्या घरावर बाँब टाकला गेला आहे, ज्याची पत्नी व तान्हें मूल त्या वेळीं घरांत होतीं, त्याच्याहून अधिक सबळ कारण कोणाचें असणार? पण परवाना नाकारला गेला. पुढें किंग यांनीं स्वतःच विचार बदलला. अहिंसेच्या चळवळीच्या पुढाऱ्यानें आत्मरक्षणासाठीं शस्त्र ठेवणें त्यांस विसंगत वाटलें, आणि घरांत होतें तें शस्त्रही त्यांनीं दूर केलें. त्यांच्या या निर्णयाची थोरवी निर्विवाद आहे. मात्र त्या थोरवीनें शेरीफच्या नकाराचें समर्थन होत नाहीं.

कॅलिफोर्नियांत याच प्रश्नानें निराळें वळण घेतलें. ओकलंड शहरांत 'ब्लॅक पँथर' पक्षाचे कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गाड्यांमागून आपल्या गाड्या घेऊन जात, आणि पोलिस कोणास अडवितात तें भरलेल्या बंदुका उघड हातांत धरून पाहत. त्या वेळीं हें बेकायदेशीर नव्हतें. डॉन मलफर्ड या सभासदानें त्याविरुद्ध विधेयक आणतांच २ मे १९६७ रोजीं हे तरुण सशस्त्र स्थितींत संस्थानच्या कायदेमंडळाच्या इमारतींत शिरले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, सार्वजनिक जागीं आणि रस्त्यावरील वाहनांत भरलेलें शस्त्र नेण्यास बंदी करणारा कायदा झाला. त्यावर गव्हर्नर रोनल्ड रेगन यांनीं सही केली. हेच रेगन पुढें अध्यक्ष झाल्यावर शस्त्रधारी प्रवाशांचे कैवारी ठरले, तें आतां पाहूं.

संस्थानागणिक कायदा वेगळा, आणि मोटार तर एका दिवसांत चार संस्थानें ओलांडते. एका हद्दींत निर्दोष असलेला मनुष्य पुढच्या हद्दींत गुन्हेगार ठरावा, ही स्थिति दुःसह होती. म्हणून १९८६ च्या मे महिन्यांत अध्यक्ष रेगन यांच्या सहीनें जो मध्यवर्ती कायदा झाला, त्यांत प्रवाशास एक संरक्षण दिलें. जेथून निघाला आणि जेथें पोंचावयाचें, त्या दोन्ही ठिकाणीं शस्त्र बाळगणें कायदेशीर असेल, तर वाटेंतील संस्थानांतून तें नेतां यावें. मात्र तें रिकामें असावें, आणि बसण्याच्या जागेवरून हात पोंचेल असें नसावें. डिकी नसलेल्या गाडींत तें कुलपाच्या पेटींत असावें, आणि हातमोज्यांचा खण ही पेटी समजूं नये. मध्यवर्ती सरकारच्या दृष्टीनें पिस्तूल हें असें सामान झालें. ज्या संकटासाठीं १८१३ सालीं वाटसरूस शस्त्राची मोकळीक मिळाली, त्या संकटांत या शस्त्राचा कांहींएक उपयोग नाहीं. पण तें घेऊन घरीं सुखरूप पोंचतां येतें.

तेंही नेहमींच येतें असें नाहीं. २००५ सालीं यूटा संस्थानांतून पेन्सिल्व्हेनियाकडे विमानानें निघालेल्या एका गृहस्थाचें पुढचें वाहन न्यू जर्सींतील नूअर्क येथें चुकलें. सामानांत नियमाप्रमाणें कुलूपबंद पिस्तूल होतें. सामान त्याच्या हातीं आलें, तो रात्रीं हॉटेलांत राहिला, सकाळीं विमानतळावर येऊन त्यानें नियमाप्रमाणें पिस्तुलाची नोंद सांगितली, आणि तत्काळ त्यास अटक झाली. २०१० सालीं अपील न्यायालयानें ठरविलें कीं, हॉटेलांत रात्रभर सामान हाताशीं होतें, तेव्हां मध्यवर्ती कायद्याचें संरक्षण तुटलें. वाटेंत मुक्काम करणारा मनुष्य वाटसरू राहतो काय, हा टेक्ससचा जुना प्रश्न सव्वाशें वर्षांनीं पुन्हां असा उभा राहिला. २०१३ सालीं फिलाडेल्फिया येथील दोन मुलांच्या आईस पोलिसांनीं न्यू जर्सींत अडविलें. तिच्याजवळ आपल्या संस्थानचा परवाना होता. तो दुसरीकडे चालतो अशा समजुतीनें तिनें आपण होऊन पिस्तुलाची गोष्ट सांगितली. तिच्यावर खटला झाला, सक्तीच्या कारावासाची तलवार डोक्यावर टांगली गेली, आणि १९१५ चा नव्हे तर २०१५ चा काळ असूनही तिची पूर्ण सुटका झाली ती गव्हर्नरच्या माफीनें. खरें बोलणें हाच तिचा अपराध ठरला होता.

शब्दांच्या अर्थावरून मनुष्याचीं वर्षें कशीं ठरतात, याचें एक उदाहरण आमच्या साहित्यप्रेमी वाचकांस विशेष वाटेल. अमली पदार्थांचा व्यापार करतांना जो बंदूक वा पिस्तूल 'बाळगील', त्यास पांच वर्षांची जादा शिक्षा, असें मध्यवर्ती कायद्यांत होतें. एका आरोपीचें पिस्तूल त्याच्या ट्रकच्या कुलूपबंद खणांत होतें. तें त्यानें बाळगलें होतें काय? मूळ इंग्रजी क्रियापदाचा अर्थ अंगावर बाळगणें असाही होतो आणि वाहनांतून नेणें असाही होतो. मराठींत या दोन क्रियांस दोन शब्द आहेत, म्हणून आपल्याकडे हा वाद इतका रंगला नसता. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ब्रायर यांनीं रथांतून नेलेल्या राजाचा बायबलांतील दाखला दिला, रॉबिन्सन क्रूसोची होडी आणली, मेल्व्हिलच्या कादंबरींतील हातगाडी आणली, आणि वाहनांतून नेणें हेंही बाळगणेंच होय असें म्हटलें. न्यायमूर्ति गिन्सबर्ग यांनीं चित्रपटांतील संवाद आणि थिओडोर रूझव्हेल्ट यांची जाड काठी पुढें करून उलट मत दिलें. पांच विरुद्ध चार मतांनीं आरोपी हरला. ग्रंथ दोन्ही बाजूंस पुष्कळ होते. तुरुंग मात्र एकालाच मिळाला.

आतां पुन्हां टेक्ससकडे वळूं. कारण वाटसरूच्या अपवादाचा शेवट तेथेंच झाला. १६ ऑक्टोबर १९९१ रोजीं किलीन गांवच्या एका उपाहारगृहांत एका माथेफिरूनें गाडी घुसवून गोळीबार केला. तेवीस माणसें मेलीं. तेथें आपल्या आईबापांबरोबर जेवावयास आलेल्या सुझॅना हप यांचें रिव्हॉल्व्हर बाहेर उभ्या असलेल्या मोटारींत होतें. जवळ बाळगणें कायद्याविरुद्ध, म्हणून त्यांनीं तें तेथें ठेवलें होतें. डोळ्यांदेखत आई व वडील दोघेही मारले गेले. बाई पुढें कायदेमंडळाच्या सभासद झाल्या, आणि हीच हकीकत त्यांनीं ठिकठिकाणीं सांगितली. पिस्तूल जवळ असतें तर काय झालें असतें, हें कोणी सांगूं शकत नाहीं. परंतु त्या दुःखापुढें १८७१ चा कायदा टिकणें कठीण होतें. १९९३ सालीं गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनीं परवान्याचें विधेयक नामंजूर केलें. १९९५ सालीं त्यांच्या जागीं आलेले जॉर्ज बुश यांनीं तें मंजूर केलें. २००५ सालीं असें ठरलें कीं, खासगी मोटारींत असलेला, दुसरा कांहीं गुन्हा न करणारा आणि पिस्तूल झांकून ठेवणारा मनुष्य हा वाटसरूच आहे असें गृहीत धरावें. तरीही आम्ही पकडूंच, असें कांहीं परगण्यांतील सरकारी वकील म्हणाले. तेव्हां २००७ सालीं कायदेमंडळानें वाटसरूची बाब बाजूस सारून, स्वतःच्या मोटारींत पिस्तूल ठेवण्यास थेट मोकळीक दिली. आणि २०२१ सालीं बहुतेक प्रौढांस परवान्याचीही गरज उरली नाहीं. अपवादानें नियमास गिळलें.

दुसऱ्या कित्येक संस्थानांनीं मोटारीस घराची पदवी दिली. फ्लॉरिडानें २००५ च्या कायद्यानें घरांत शिरणाऱ्याविरुद्ध जो बळाचा अधिकार असतो, तोच आंत माणूस बसलेल्या वाहनासही लावला. ओक्लाहोमांत एका कागदाच्या गिरणीनें २००२ सालीं आवारांत उभ्या असलेल्या मोटारींत बंदुका सांपडल्यावरून कामगारांस काढून टाकलें; त्यावर तेथील कायदेमंडळानें, कुलूपबंद मोटारींतील शस्त्रास मालकास मनाई करतां येणार नाहीं, असा कायदा केला. मालकाच्या जागेंत उभी असलेली मोटार ही कामगाराच्या घराची जणूं एक खोली झाली. न्यू यॉर्कमध्यें मात्र उलट. तेथें मोटारींत पिस्तूल सांपडलें तर तें आंत बसलेल्या सर्वांचेंच आहे, असें गृहीत धरणारा नियम आहे. १९७३ सालीं वेगाबद्दल अडविलेल्या एका गाडींत सोळा वर्षांच्या मुलीच्या पिशवींत दोन पिस्तुलें दिसलीं, आणि तिच्याबरोबरच्या तिघांसही शिक्षा झाली. १९७९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ती कायम केली.

२३ जून २०२२ रोजीं त्याच न्यायालयानें न्यू यॉर्कचा १९१३ पासून चालत आलेला, परवान्यासाठीं खास कारण मागणारा नियम रद्द केला, आणि यापुढें शस्त्रांचा प्रत्येक कायदा देशाच्या जुन्या परंपरेशीं ताडून पाहावा असें सांगितलें. त्यामुळें १८१३ आणि १८७१ चीं पिवळीं पडलेलीं पानें वकिलांच्या टेबलांवर पुन्हां उघडलीं गेलीं आहेत. २०२४ अखेर एकोणतीस संस्थानांत बहुतेक प्रौढांस परवान्यावांचून पिस्तूल बाळगतां येत होतें. अलाबामाही त्यांत आहे, डॉ. किंग यांस नाकारलेला मोटारींतील पिस्तुलाचा परवाना १ जानेवारी २०२३ पासून तेथें कोणासच मागावा लागत नाहीं.

मग प्रश्न मिटला काय? मिनेसोटा संस्थानांत ६ जुलै २०१६ रोजीं संध्याकाळीं एका कृष्णवर्णीय गृहस्थाची मोटार पोलिसांनीं अडविली. तो शाळेच्या भोजनगृहांत काम करी. त्याच्याजवळ पिस्तूल होतें, आणि त्याचा रीतसर परवानाही होता. आपणाजवळ पिस्तूल आहे असें त्यानें शिपायास सभ्यपणें सांगितलें. क्षणार्धांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. शेजारीं त्याची जोडीदारीण आणि मागच्या बैठकीवर तिची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. तो मेला. पुढील वर्षीं शिपाई निर्दोष सुटला. त्या मोटारींतील मनुष्यानें पिस्तुलाची गोष्ट आपण होऊन सांगितली होती.

हा दोनशें वर्षांचा प्रवास पाहिला म्हणजे आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. मोटार हें घर, खिसा कीं सामान, यावर संस्थानांनीं परोपरीचीं उत्तरें दिलीं; पण समोर उभा असलेला मनुष्य हा भला वाटसरू आहे कीं संशयित, हें ठरविण्याचें काम सर्व काळीं रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या एका शिपायाकडे राहिलें. केंटकीच्या कायद्यानें वाटसरूवर विश्वास टाकला होता, कारण वाटेवर कायदा नव्हता. आतां वाटेवर कायदा आहे, दिवा आहे, बिनतारी यंत्र आहे. आणि तरी ज्याच्यावर विश्वास टाकावयाचा, त्याची ओळख पटविण्याचें साधन त्या शिपायाजवळ नजरेपलीकडे फारसें नाहीं. परवाना असावा कीं नसावा, याविषयीं अमेरिकेंतील लोक आपसांत ठरवितील. परंतु कोणत्याही देशांतला शस्त्रांचा कायदा चांगला कीं वाईट, हें पाहण्याची एक साधी कसोटी आहे. रात्रीच्या वेळीं गाडी अडविली गेली असतां, खरें सांगणाऱ्या मनुष्यास आपलें पुढें काय होईल हें आधीं ठाऊक असावें. तें ज्यास ठाऊक नाहीं, तो आपल्याच देशांत अजून अरण्यांतूनच प्रवास करीत आहे.